सुटी कोणाची?
आफ्रिका खंडांतील राष्ट्रीय व धार्मिक सुट्यांवर एक पाठ

(उपदेशकांसाठीं व मंडळींतील अभ्यासवर्गासाठीं)



भिंतीवरील दिनदर्शिकेंत तांबड्या शाईनें छापलेले दिवस आपण सर्वच पाहतों. शाळेंतील मुलांस ते पाठ असतात. ज्यास बँकेंत किंवा तहसील कचेरींत काम असतें त्यालाही ते ध्यानांत ठेवावे लागतात. परंतु हा दिवस तांबडा कां झाला, तो कोणीं ठरविला, व त्या दिवशीं काम बंद ठेवण्याचें कारण काय, हें विचारणारे थोडे. मिरजगांव व आसपासच्या वाड्यावस्त्यांवर जे उपदेशक वर्ग चालवितात त्यांस तरुण मंडळी हा प्रश्न विचारते, आणि त्याच्या पाठोपाठ दुसराही विचारते : शेजाऱ्याच्या सणाची सुटी आपण घ्यावी काय, आणि आपल्या सणाची सुटी आपल्यांतील सर्वांस मिळते काय?

ह्या प्रश्नांचा विचार करण्यासाठीं आम्हीं आफ्रिका खंड निवडला आहे. त्याचीं कारणें दोन. पहिलें हें कीं, तेथील बहुतेक देश १९५७ सालानंतर स्वतंत्र झाले, आणि स्वतंत्र होतांच प्रत्येकास आपली सुट्यांची यादी नव्यानें लिहावी लागली. कोणता दिवस ठेवला, कोणता गाळला, कोणाचें नांव बदललें, ह्यावरून त्या राष्ट्राचें मन कळतें. दुसरें कारण असें कीं, त्या खंडांत मोडणाऱ्या एका बेटावर आपलीं मराठी माणसें अनेक पिढ्या नांदत आहेत, व त्यांच्या सणास तेथील राज्यानें सुटीचा मान दिला आहे.

१. सण आणि सुटी

प्रथम हे दोन शब्द वेगळे करूं. सण लोकांचा असतो, सुटी राज्याची असते. सण पाळण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. घरांत दिवा लागला, भाकरीऐवजीं पोळी झाली, चार माणसें भजनास जमलीं, कीं सण झाला. सुटी मात्र राज्यानें दिलेला मोकळा दिवस होय.

आपल्या देशांत सार्वजनिक सुटीची व्याख्या १८८१ सालच्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या २५ व्या कलमांत सांपडते. हा कायदा हुंड्या व धनादेश ह्यांविषयींचा आहे. हुंडीची मुदत सुटीच्या दिवशीं भरली तर पैसे केव्हां द्यावयाचे, हा व्यापाऱ्यांचा प्रश्न होता. तेव्हां कायद्यानें सांगितलें कीं, आदल्या कामाच्या दिवशीं द्यावे. मग सुटी म्हणजे काय हें सांगणें भाग पडलें. म्हणून रविवार, व सरकार राजपत्रांत जाहीर करील तो दिवस, अशी व्याख्या झाली. ह्याच आधारावर महाराष्ट्र सरकार दरवर्षीं यादी प्रसिद्ध करतें. तिच्यांत प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन व गांधी जयंती ह्या तीन राष्ट्रीय सुट्या आहेत. १ मेचा महाराष्ट्र दिन आहे. शिवजयंती व डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती आहे. दिवाळी, ईद, महावीर जयंती, बुद्धपौर्णिमा, गुरुनानक जयंती व पारशी नववर्ष आहे. आणि गुड फ्रायडे व नाताळही आहे. ज्या देशांत ख्रिस्ती लोक शंभरांत दोन-तीन, तेथें वधस्तंभाच्या स्मृतीचा दिवस सर्वांच्या कचेऱ्या बंद ठेवून पाळला जातो, ही लहान गोष्ट नव्हे.

२. मॉरिशस : उंसाच्या मळ्यांतून आलेली सुटी

हिंदी महासागरांत, मादागास्कर बेटाच्या पूर्वेस, मॉरिशस नांवाचें लहानसें बेट आहे. तेथें प्रथम डच, मग १७१५ पासून फ्रेंच व १८१० पासून इंग्रज ह्यांची सत्ता होती. तेथें मुख्य पीक उंसाचें. मळ्यांवर राबण्यासाठीं आफ्रिका व मादागास्कर येथून गुलाम धरून आणीत. १ फेब्रुवारी १८३५ रोजीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली, तरी सुटलेल्या गुलामांस शिकाऊ मजूर हें नांव देऊन १८३९ पर्यंत जुन्याच धन्याकडे राबविलें. पुढें ते लोक मळे सोडून जातील हें ओळखून मळेवाल्यांची दृष्टि आधींच हिंदुस्थानाकडे वळली होती.

२ नोव्हेंबर १८३४ रोजीं अ‍ॅटलास नांवाच्या जहाजानें कराराच्या मजुरांची एक लहान टोळी पोर्ट लुई बंदरांत उतरली. तेव्हांपासून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत सुमारें पांच लाख हिंदी मजूर त्या बंदरांतून आंत गेले. बिहारी, तमिळ व तेलुगु ह्यांबरोबर मुंबई बंदरांतून आपल्या कोंकणपट्टीचेही लोक गेले. कराराच्या कागदास ते गिरमिट म्हणत, म्हणून त्यांस गिरमिटी मजूर असें नांव पडलें. एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांची मजुरी कापावी, असा तेथें नियम होता. आजारीपण असो वा घरीं मूल जन्मलेलें असो, कापणी दुप्पटच. ज्या मजुराला असा नियम लागू, त्याला सण कोठला आणि सुटी कोठली?

त्या मजुरांच्या नातवंडा-पणतवंडांनीं पुढें देश स्वतंत्र केला. स्वातंत्र्याचा दिवस त्यांनीं १२ मार्च हा निवडला, कारण १९३० सालीं त्याच दिवशीं गांधीजी साबरमतीहून दांडीस मिठाच्या सत्याग्रहासाठीं निघाले होते. १९६८ सालीं त्या दिवशीं मॉरिशस स्वतंत्र झालें व १९९२ सालीं त्याच दिवशीं तें प्रजासत्ताक झालें.

आतां तेथील यादी पाहा. १ फेब्रुवारी ही गुलामगिरी संपल्याच्या स्मरणार्थ सुटी आहे. २ नोव्हेंबर ही गिरमिटी मजूर आल्याच्या स्मरणार्थ सुटी आहे. म्हणजे ज्यांच्या अंगावर चाबूक उठला व ज्यांची मजुरी कापली गेली, त्या दोन्ही वर्गांच्या नांवें राष्ट्र आपलें काम थांबवितें. जगांत बहुतेक यादींत राजे, सेनापति व विजय ह्यांचे दिवस असतात. मजुराच्या पायउताराचा दिवस क्वचितच सांपडतो.

धार्मिक दिवस पाहतां वाटणी तशीच विचारपूर्वक केलेली दिसते. तमिळांसाठीं थैपुसम कावडी, तेलुगु लोकांसाठीं उगादि, चिनी लोकांसाठीं त्यांचें नववर्ष, मुसलमानांसाठीं ईद, सर्व हिंदूंसाठीं महाशिवरात्र व दिवाळी, आणि मराठी लोकांच्या मुख्य सणासाठीं गणेशचतुर्थी. मराठी लोक तेथें संख्येनें थोडे, तरी त्यांचा दिवस सर्व बेटाचा झाला. मराठी भाषा तेथील शाळांत शिकवितात, व मोका येथील महात्मा गांधी संस्थेंतही तिचें अध्यापन होतें.

ख्रिस्ती लोकांसाठीं तेथें नाताळ आहे, आणि आणखी एक सुटी अशी कीं, एका वर्षीं १५ ऑगस्टचा मरियेच्या स्वर्गारोहणाचा सण व दुसऱ्या वर्षीं १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा सण. गुड फ्रायडेची सार्वजनिक सुटी मात्र तेथें नाहीं. लोकसंख्येचा जवळजवळ तिसरा हिस्सा ख्रिस्ती असतांही ही सुटी नाहीं, आणि आपल्याकडे आपण मूठभर असतां ती आहे! यादी लहान ठेवावयाची तर प्रत्येकानें कांहीं सोडावें लागतें. तेथील ख्रिस्ती लोक त्या दिवशीं उपासना करतातच. सुटी नसली तरी सण उरतो, हें ह्यावरून शिकावें.

३. दक्षिण आफ्रिका : वैराच्या दिवसाचें काय करावें?

१६ डिसेंबर ह्या दिवसाचा इतिहास उपदेशकांनीं वर्गांत अवश्य सांगावा. १८३८ सालीं त्या दिवशीं, आतां ज्या प्रदेशास क्वाझुलु-नाताळ म्हणतात तेथें, एन्कोमे नदीच्या कांठीं गोऱ्या बोअर लोकांची व झुलु राजा डिंगान ह्याच्या सैन्याची लढाई झाली. जय मिळाल्यास हा दिवस शाब्बाथासारखा पाळूं, असा बोअरांनीं देवास नवस केला होता, असें ते सांगत. बंदुकांपुढें सुमारें तीन हजार झुलु पडले, आणि नदीस रक्ताची नदी हें नांव पडलें. १९१० सालापासून हा दिवस डिंगानचा दिवस म्हणून सरकारी सुटीचा झाला. पुढें त्यास कराराचा दिवस व नवसाचा दिवस अशीं नांवें मिळालीं. गोरे लोक त्या दिवशीं उपकारस्तुति करीत. काळ्या लोकांस तोच दिवस पराभवाची खूण होती. म्हणून त्यांच्या चळवळीनें १९६१ सालीं आपला सशस्त्र लढा जाणूनबुजून १६ डिसेंबर रोजींच आरंभिला.

१९९४ सालीं २७ एप्रिल रोजीं सर्व वर्णांच्या लोकांनीं प्रथमच एकत्र मतदान केलें व नेल्सन मंडेला ह्यांचें राज्य आलें. आतां ह्या दिवसाचें काय करावयाचें? रद्द करावा तर एका पक्षाच्या मनांत सल राहणार. तसाच ठेवावा तर दुसऱ्याच्या जखमेवर मीठ. नव्या कायद्यानें दिवस ठेवला व नांव बदललें : समेटाचा दिवस. १९९५ पासून तो ह्या नांवानें पाळतात. डेस्मंड टुटु ह्यांच्या अध्यक्षतेखालील सत्य व समेट आयोगाची पहिली बैठकही १९९५ सालच्या १६ डिसेंबरासच झाली.

त्याच कायद्यानें बारा सुट्या ठरविल्या. २१ मार्च हा मानवी हक्कांचा दिवस. १९६० सालीं त्या दिवशीं शार्पव्हिल येथें, परवान्याच्या पुस्तकाशिवाय फिरूं न देणाऱ्या कायद्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनीं गोळीबार केला व ६९ माणसें मेलीं. १६ जून हा तरुणांचा दिवस. १९७६ सालीं सोवेटो येथील शाळकरी मुलांनीं लादलेल्या भाषेविरुद्ध मोर्चा काढला, त्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ख्रिस्ती दिवसांपैकीं गुड फ्रायडे व नाताळ हे राहिले. पुनरुत्थानाच्या सणानंतरचा सोमवार कुटुंबाचा दिवस झाला. प्रभूच्या स्वर्गारोहणाची सुटी मात्र गेली. तेथें ख्रिस्ती लोक बहुसंख्य आहेत, तरी दुःखितांच्या आठवणीस जागा करण्यासाठीं आपल्या यादींतून एक दिवस कमी झाला, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

४. इथिओपिया : जुनें पंचांग, नवे शेजारी

इथिओपिया हा देश चौथ्या शतकांत, अक्सुमचा राजा एझाना ह्याच्या काळीं ख्रिस्ती झाला. तेथें काल मोजण्याची रीत निराळी आहे. वर्षांत तेरा महिने : बारा महिने तीस-तीस दिवसांचे, व तेरावा पांच किंवा सहा दिवसांचा. नवें वर्ष साधारणतः ११ सप्टेंबरास लागतें, व त्यांचें वर्ष आपल्या इसवी सनाच्या सात-आठ वर्षें मागें असतें. त्यांचा नाताळ ७ जानेवारीस येतो. १९ जानेवारीच्या सुमारास तिम्कत, म्हणजे प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण. त्या वेळीं लोक मिरवणुकीनें पाण्याच्या कांठीं जातात. २७ सप्टेंबरच्या सुमारास मेस्केल, म्हणजे वधस्तंभ सांपडल्याचा सण. त्याच्या आदल्या सायंकाळीं मोठी होळी पेटवितात. हे सर्व राष्ट्रीय सुटीचे दिवस आहेत.

आपले कित्येक भाऊ २५ डिसेंबर ह्या तारखेसच नाताळाचें सर्वस्व मानतात. त्यांनीं लक्षांत घ्यावें कीं, जगांतील अति प्राचीन मंडळ्यांपैकीं एक तो सण दुसऱ्या दिवशीं पाळते, आणि त्यामुळें तारण कमी होत नाहीं.

ह्याच देशांत मुसलमानांची संख्याही मोठी आहे. परंतु सम्राटांच्या राज्यांत त्यांच्या सणांस सुटीचा मान नव्हता. १९७४ च्या क्रांतीनंतर दोन्ही ईदा व पैगंबरजयंती ह्या राष्ट्रीय सुट्या झाल्या. शतकानुशतकें एकमेकांशेजारीं राहूनही शेजाऱ्याचा सण यादींत येण्यास किती काळ लागला! राष्ट्रीय दिवसांत अडुवाचा विजय मुख्य. १८९६ सालीं सम्राट मेनेलिक ह्यानें इटलीच्या सैन्याचा पराभव केला, त्याची ती आठवण.

५. केनिया व रुवांडा

आपल्या जिल्ह्याचें नांव अहमदनगराचें अहिल्यानगर झालें. तशींच दिवसांचींही नांवें बदलतात. केनियांत २० ऑक्टोबर हा पूर्वीं केन्याटा दिवस होता. १९५२ सालीं त्या दिवशीं इंग्रज सरकारनें आणीबाणी पुकारून जोमो केन्याटा व त्यांचे सोबती ह्यांस धरलें होतें. २०१० च्या राज्यघटनेनें त्याचें नांव मशुजा, म्हणजे वीरांचा दिवस, असें केलें. कारण तुरुंगांत एकटे केन्याटा नव्हते, आणि ज्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत असे हजारों जंगलांत व छावण्यांत मेले. एकाचा दिवस सर्वांचा झाला.

रुवांडांत ७ एप्रिल हा शोकाचा दिवस आहे. १९९४ सालीं त्या दिवसापासून सुमारें शंभर दिवसांत तुत्सी लोकांची कत्तल झाली. मेलेल्यांची गणना आठ लाखांच्या घरांत किंवा त्याहून अधिक करतात. देश बहुतांशीं ख्रिस्ती होता. न्यामाता व न्तारामा येथें लोक आश्रयास उपासनामंदिरांत शिरले व तेथेंच मारले गेले. त्या इमारती आज स्मारकें म्हणून राखल्या आहेत. सणांची यादी कितीही पवित्र असो, ती शेजाऱ्यावरील प्रीतीची जागा घेऊं शकत नाहीं, हें ह्या दिवसाकडे पाहून कळतें. ह्यापेक्षां अधिक आम्ही येथें लिहीत नाहीं. वर्गांत हा भाग गंभीरपणें वाचावा.

६. आपल्या घरचा हिशेब

आतां आपल्याकडे वळूं. रविवार हा इंग्रजांनीं आयता दिला असा पुष्कळांचा समज आहे. मुंबईच्या गिरणीकामगारांस तो आयता मिळाला नाहीं. सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं १८८४ सालीं कामगारांची सभा भरवून साडेपांच हजार सह्यांचा अर्ज केला. २४ एप्रिल १८९० रोजीं सुमारें दहा हजार कामगार जमले, आणि १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. रविवार खंडोबाचा वार, म्हणूनही कामगारांस तो हवा होता. आपल्यास तो प्रभूचा दिवस, त्यांस देवाचा वार. आणि थकलेल्या हातांस दोघांचा एकच.

कायदा पुढें आणखी सरला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानें व आस्थापना कायद्यान्वयें, तो लागू असलेल्या ठिकाणीं वर्षांत आठ पगारी सुट्या द्याव्या लागतात : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, व मालक आणि कामगार मिळून ठरवितील त्या चार. म्हणजे एखाद्या ख्रिस्ती कामगारास नाताळ मागतां येतो. हें आपल्या तरुणांस सांगावें.

परंतु शेतांत काय? कर्जत, जामखेड व शेजारच्या बीड भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊंसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहींत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती तोडून फेडावयाची. जोडींतील कोणी एक दिवस गैरहजर राहिलें कीं खाडा पडतो, आणि खाड्याचा दंड उचलींत मिळविला जातो. नाताळ ह्याच हंगामांत येतो, प्रजासत्ताक दिनही ह्याच हंगामांत येतो. तांबड्या अक्षरांची यादी फडांत पोंचत नाहीं. मॉरिशसच्या मळ्यांतील दुप्पट कापणीविषयीं वाचतांना ज्यांच्या डोळ्यांत पाणी येईल, त्यांनीं हा हिशेबही मांडावा. पीक तेंच, आणि दिवस मोडल्याचा दंडही तोच.

७. आपलें वर्तन

शास्त्रांत विसाव्याच्या दिवसाचीं दोन कारणें दिलीं आहेत. निर्गमाच्या विसाव्या अध्यायांत सृष्टीचें कारण आहे. अनुवादाच्या पांचव्या अध्यायांत मिसरांतील दास्याचें. दुसऱ्या ठिकाणीं दास, दासी, बैल व वेशीच्या आंतील परका ह्या सर्वांस विसावा द्यावा असें सांगितलें आहे. तेव्हां सुटीची कसोटी ही कीं, ती सर्वांत दुबळ्यापर्यंत पोंचते कीं नाहीं. ह्यावरून आम्ही पुढील सूचना करतों.

पहिली : शेजाऱ्याच्या सणाची सुटी राज्यानें सर्वांस दिली आहे, ती घेण्यांत पाप नाहीं. त्या दिवशीं शेजाऱ्याच्या दारीं जाऊन शुभ चिंतावें. उपासनेंत भाग घेणें वा न घेणें हा विवेकाचा प्रश्न आहे, व त्याविषयीं रोमकरांस पत्राचा चवदावा अध्याय वाचावा. परंतु थट्टा व तुच्छता ह्यांस कोठेंच जागा नाहीं.

दुसरी : ज्यांच्याकडे सालगडी, गुराखी किंवा रोजंदारीची बाई कामास आहे, त्यांनीं आपल्या सणाच्या दिवशीं त्यांस मजुरीसह मोकळें करावें, आणि त्यांच्या सणाच्या दिवशींही तसेंच करावें. मालक उपासनेस गेला व गडी गव्हाणीशीं राहिला, तर तो सण अर्धाच झाला.

तिसरी : जीं कुटुंबें तोडीस जातात, त्यांच्यासाठीं मंडळीनें निघण्यापूर्वीं एक उपासना व जेवण करावें. नहेम्याच्या आठव्या अध्यायांत, ज्यांच्यापाशीं कांहीं सिद्ध नाहीं त्यांस वांटे पाठविण्याची आज्ञा आहे, ती येथें लागू पडते. जवळच्या कारखान्याच्या फडांवर आपलीं माणसें असल्यास उपदेशकानें नाताळाच्या सायंकाळीं, काम आटोपल्यावर, तेथें जावें. मागें राहिलेल्या मुलांची व म्हाताऱ्यांची त्या दिवशीं विचारपूस व्हावी.

चवथी : आपल्यांत कोणी मुकादम असतील, तर त्यांनीं सणाच्या व आजाराच्या दिवसाचा खाडा लिहूं नये. हें कठीण आहे हें आम्ही जाणतों, कारण मुकादमाच्या डोक्यावरही कारखान्याची उचल असते. तरी वर्षांतून एका दिवसाचा प्रारंभ कोणीं तरी केलाच पाहिजे. लोखंडे ह्यांच्या पहिल्या अर्जापासून रविवार मिळेपर्यंत सहा वर्षें लागलीं.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. सण व सुटी ह्यांत भेद काय? गुड फ्रायडेच्या उदाहरणानें सांगा.
२. मॉरिशसमध्यें १ फेब्रुवारी व २ नोव्हेंबर ह्या दिवशीं कोणाची आठवण करतात?
३. १६ डिसेंबर हा दिवस दक्षिण आफ्रिकेनें रद्द कां केला नाहीं? आपल्या गांवांत असा वैराचा एखादा दिवस आहे काय, आणि त्याचें नांव काय ठेवतां येईल?
४. इथिओपियाचा नाताळ कोणत्या तारखेस येतो? ह्यावरून तारखेविषयीं काय शिकावें?
५. आपल्या मंडळींतील कोणास नाताळाची सुटी मिळत नाहीं? त्यांचीं नांवें लिहून काढा, व पुढील नाताळापूर्वीं त्यांच्यासाठीं काय करावयाचें तें मंडळीच्या सभेंत ठरवा.